६०% ब्लॉकेज आहे, पण स्नायूला रक्त कमी पडतंय का? सीटी परफ्यूजन केलं आणि रिपोर्टात भलतंच निघालं

खोडरबर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही तब्येतीचा, सांभाळून घ्या.

वय ५४. चारेक महिने जिना चढताना छातीत मधोमध आवळल्यासारखं व्हायचं, थांबलं की दोन मिनिटांत जायचं, पण दर वेळी व्हायचंच असंही नाही, त्यामुळे मी ते ॲसिडिटीच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. शेवटी बायकोने धरून नेलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, ट्रेडमिल टेस्टवर डॉक्टर म्हणाले धड पॉझिटिव्ह नाही धड निगेटिव्ह नाही. मग सीटी अँजिओ. त्यात एलएडी म्हणून जी पुढची मोठी धमनी असते तिच्या मधल्या भागात ५० ते ६० टक्के ब्लॉकेज, बाकी दोन्ही साफ. मी मनात म्हटलं झालं, आता स्टेंट. तर डॉक्टर म्हणाले थांबा, ६० टक्के हा कुंपणावरचा आकडा आहे, ह्याने स्नायूला खरंच रक्त कमी पडतंय का ते आधी बघू. आणि सीटी परफ्यूजन सांगितलं.

अनुभव लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. दोन्ही हातांना सुया लावल्या, एकीतून डाय म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि दुसरीतून ॲडिनोसिन नावाचं, हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगवणारं औषध. आधी विश्रांतीतला स्कॅन झाला. डाय गेली की घशापासून खाली गरम लाट उतरते आणि चड्डीत झाली की काय असं वाटतं (होत नाही, पण वाटतं, मी हात लावून खात्री केली). मग पंधरा-वीस मिनिटं थांबवलं आणि ॲडिनोसिन चालू केलं. ते मात्र विचित्र आहे हां. पहिल्या मिनिटात कान तापले, मग छातीवर कुणीतरी उशी ठेवून बसल्यासारखं, श्वास येतोय पण पुरत नाही असं. ती सिस्टर आधीच सांगून गेली होती म्हणून बरं, नाहीतर मी टेबलावरून उडी मारली असती. त्यातच मशीन म्हणतं श्वास रोखा. औषध बंद केलं आणि मिनिटभरात सगळं गायब, जणू काही झालंच नव्हतं.

आता मुद्दा. रिपोर्टात दोन गोष्टी आहेत. एक, एलएडीच्या हद्दीत स्ट्रेसमध्येही (ॲडिनोसिन चालू असताना) डिफेक्ट नाही, म्हणजे रक्त कमी पडल्याची खूण नाही. वाचून नाचलो. दोन, खाली अजून एक ओळ: इन्फिरोबेसल भिंतीत रेस्ट आणि स्ट्रेस दोन्हींत कमी घनतेचा पट्टा, जुना इन्फार्क्ट असू शकतो, कोरिलेट करावे (म्हणजे बाकीच्या तपासण्यांशी ताडून बघावे). म्हणजे मला कधीतरी अटॅक येऊन गेला आणि मला कळलंच नाही? आणि तोही ज्या बाजूची धमनी साफ आहे तिथे? डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. आज गुरुवार. झोप नाही.

ढगफुटी

अरे बापरे. काळजी घ्या. माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिसच्या वेळी सीटी परफ्यूजन केलं होतं पण ते डोक्याचं होतं, हे तेच का?

निशाचर

@ढगफुटी तत्त्व एकच, अवयव वेगळा. मेंदूचं परफ्यूजन घाईघाईत करतात, स्ट्रोकमध्ये कुठला भाग गेला आणि कुठला अजून वाचवता येईल ते बघायला. मेंदू एका जागी पडून असतो बिचारा. हार्ट उड्या मारत असतं त्यामुळे आमचे हाल.

मी सीटीवर टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. @खोडरबर तुमचं वर्णन वाचून हसलो कारण "चड्डीत झाली" हे रोज दहा जण म्हणतात. आम्ही आता इंजेक्टर चालू करतानाच सांगतो की असं वाटेल, होणार नाही. डाय सेकंदाला चार-पाच मिलीच्या वेगाने जाते आणि मागून सलाईनचा धक्का देतो, म्हणून सुई जाड आणि कोपरापाशी लागते.

एक विचारतो, आदल्या दिवशी चहा-कॉफी बंद होती ना? कॅफिन आणि ॲडिनोसिन एकाच कुलपात जाणाऱ्या किल्ल्या आहेत. कॅफिन आधी जाऊन बसलं की ॲडिनोसिन बाहेर उभं राहतं, नळ्या हव्या तेवढ्या फुगत नाहीत आणि टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते. १२ ते २४ तास बंद ठेवायला सांगतात. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं. डिकॅफमध्येही थोडं असतं. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन असतं हे तर कुणाच्या गावीच नसतं. एकदा एक काका सगळं पाळून आले होते, सुया लागल्या, टेबलावर झोपले आणि मग सहज म्हणाले, सकाळी डोकं दुखत होतं म्हणून एक गोळी घेतली. पाकीट बघितलं तर कॅफिन. उठवलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं.

खोडरबर

चहा बंद होता, पूर्ण २४ तास. मी माणसांत नव्हतो. गोळी नाही घेतली.

काळी_पाटी

विज्ञान शिकवायचो, निवृत्त आहे, त्यामुळे मूलभूत शंका. सीटी म्हणजे फोटो. फोटोत नळीची रुंदी दिसेल हे समजतं. पण रक्त "कमी पोचतंय" हे स्थिर फोटोत कसं दिसणार? नदीचा फोटो काढून पाण्याचा वेग सांगण्यासारखं झालं की हे.

पिंपळपान

@काळी_पाटी शंका अगदी बरोबर जागी आहे. (मी रेडिओलॉजिस्ट आहे. @खोडरबर तुमचं निदान इथे करणार नाही, स्कॅन न बघता बोलणं बरं नाही, पण त्या ओळीबद्दल खाली लिहितो.)

नदीत रंग टाकला आणि काठावरची शेतं किती लवकर आणि किती गडद रंगतात ते पाहिलं तर? तेच करतात. डायमध्ये आयोडीन असतं, ते एक्स-रे अडवतं, त्यामुळे जिथे आयोडीन पोचतं तिथे उजळ दिसतं. किती उजळ ते हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात, पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००. हे एकक गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या नावाचं, ज्याने १९७१ साली पहिल्या पेशंटचा सीटी काढला आणि १९७९ मध्ये कॉर्मॅकबरोबर नोबेल घेतलं. आयोडीन जेवढं जास्त तेवढे युनिट जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतात. डाय पहिल्यांदा हृदयाच्या स्नायूतून जात असते त्या मोजक्या सेकंदांत जिथे रक्त कमी, तिथे आयोडीन कमी, तो भाग शेजारच्यापेक्षा काळपट. झालं परफ्यूजन.

ह्याचे दोन प्रकार. स्टॅटिकमध्ये एकच क्षण पकडायचा, अगदी डाय स्नायूत चढत असतानाचा. क्षण दोन-चार सेकंदांनी चुकला की फरक पुसट होतो. डायनॅमिकमध्ये साधारण अर्धा मिनिट एकामागून एक चित्रं घ्यायची आणि स्नायूच्या प्रत्येक तुकड्याचा उजळण्याचा आलेख काढायचा. चढ किती तीव्र आहे त्यावरून दर मिनिटाला १०० मिली स्नायूतून किती मिली रक्त जातंय तो आकडाच मिळतो. तुमच्या नदीचा वेग आला की नाही? फक्त आयोडीन हा काही आदर्श रंग नाही, ते केशवाहिन्यांतून बाहेरही झिरपतं, त्यामुळे प्रवाह जोरात असेल तेव्हा सीटीचा आकडा पेट (पीईटी, किरणोत्सारी औषध देऊन करतात तो) स्कॅनपेक्षा कमी येतो. म्हणून नुसत्या आकड्यावर जायचं नसतं, त्याच पेशंटच्या चांगल्या भागाशी तुलना करायची.

काळी_पाटी

शेतं रंगतात हे आवडलं. मग त्या ॲडिनोसिनची गरज का? विश्रांतीतच बघा की कुठे काळं आहे.

पिंपळपान

कारण विश्रांतीत हार्ट लबाडी करतं. चांगल्या अर्थाने.

मोठ्या धमनीत अडथळा झाला की पुढच्या बारीक वाहिन्या आपोआप सैल पडतात, रुंद होतात, एकूण अडथळा होता तेवढाच राहतो. त्यामुळे बसल्या जागी प्रवाह कमी व्हायला व्यासात ८५-९० टक्के आकुंचन लागतं. लान्स गूल्डने १९७४ साली कुत्र्यांच्या कोरोनरीवर हे नीट मोजून दाखवलं. पण त्याच प्रयोगात वाहिन्या औषधाने पूर्ण फुगवल्यावर ३० ते ४५ टक्क्यांपासूनच प्रवाह मार खायला लागला. म्हणजे राखीव साठा आधीच खर्च झालेला असतो, फक्त कळत नसतं. निरोगी माणसात गरज पडली की कोरोनरीचा प्रवाह तीन-चार पट वाढतो, आणि तो वाढावाच लागतो, कारण हृदयाचा स्नायू विश्रांतीतच रक्तातला ७०-७५ टक्के ऑक्सिजन ओरबाडून घेतो. पायाचा स्नायू गरज पडली तर त्याच रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढू शकतो. हार्टला ती सोय नाही, त्याला जास्त रक्तच लागतं.

म्हणून ॲडिनोसिन, किलोमागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, तीन ते सहा मिनिटं. सगळ्या वाहिन्या फुगतात, चांगल्या धमनीच्या हद्दीत रक्ताचा पूर येतो, आणि अडलेल्या धमनीच्या हद्दीत साठा आधीच संपलेला असल्यामुळे तिथे काही वाढत नाही. आता फरक दिसतो. आणि तो आधी दिसतो भिंतीच्या आतल्या थरात. कोरोनरी हार्टच्या बाहेरून जातात आणि फाटे आत शिरतात, त्यामुळे सगळ्यात आतला थर म्हणजे नळाच्या शेवटचं घर, वर आतून दाबही जास्त. पाणी कमी झालं की आधी तेच कोरडं. खरा डिफेक्ट स्क्रीनवर आतल्या कडेला चिकटलेल्या काळ्या चंद्रकोरीसारखा दिसतो.

उंबरठा

सगळं वाचलं. पण मला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. एक सीटी, मग दुसरा सीटी, दोनदा डाय, दोनदा रेडिएशन. सरळ हातातून नळी घालून अँजिओग्राफी करा, ब्लॉकेज दिसलं तर तिथल्या तिथे स्टेंट, सोक्षमोक्ष. माझ्या भावाचं तसंच केलं, तिसऱ्या दिवशी घरी.

निशाचर

@उंबरठा अँजिओग्राफीतही नळीची आतली रुंदीच दिसते हो. ६० टक्के तिथेही ६०च दिसणार, परत तोच प्रश्न, टाकायचा का नाही.

पिंपळपान

निशाचर बरोबर बोलतायत. तिथे मग तार आत घालून ब्लॉकेजच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, त्याला एफएफआर म्हणतात, ०.८० किंवा कमी आला तर ब्लॉकेज खरोखर त्रासाचं धरतात. ह्यावरचा फेम नावाचा अभ्यास २००९ चा, १००५ पेशंट, सगळ्यांच्या एकाहून जास्त धमन्यांत आजार. त्यातली ब्लॉकेजेस नंतर एकेक करून तपासली तर डोळ्याला ५० ते ७० टक्के दिसणाऱ्यांपैकी फक्त ३५ टक्केच एफएफआरवर महत्त्वाची निघाली. म्हणजे तीनातली दोन निरुपद्रवी. आणि ७१ ते ९० टक्केवाल्यांतही पाचातलं एक तसंच सुटलं. ९० च्या वर गेलं की मात्र वादच नाही. खोडरबर ह्यांचं ६० टक्के नेमकं त्या पहिल्या गटातलं, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी थांबवलं ह्याचं मला कौतुकच वाटतं.

कोअर-३२० म्हणून एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये छापला गेला, ८ देशांतली १६ केंद्रं, ३८१ पेशंट. त्यात सीटी अँजिओ अधिक सीटी परफ्यूजन एका बाजूला आणि नळी घालून केलेली अँजिओ अधिक न्यूक्लिअर स्कॅन दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. जोडी चांगली जुळली. नुसत्या सीटी अँजिओपेक्षा परफ्यूजन जोडल्यावर खोटे अलार्म कमी झाले. ज्यांच्या धमन्यांत खूप कॅल्शियम आहे किंवा आधीचे स्टेंट आहेत त्यांना तर हे विशेष कामाचं, कारण कॅल्शियम आणि स्टेंटची जाळी सीटीत फुलून दिसते, आत नळी किती मोकळी आहे कळतच नाही. तेव्हा नळीचा नाद सोडून स्नायूकडे बघायचं.

रेडिएशनचं म्हणणं मात्र रास्त आहे. स्टॅटिक परफ्यूजनला साधारण ५ मिलिसिव्हर्ट, डायनॅमिकला ९-१० च्या घरात. जगात कुठेही नुसतं राहिल्याने वर्षाला सरासरी २.४ मिळतात, त्याच्याशी ताडून बघा. थॅलियम टेस्ट म्हणून जी न्यूक्लिअर तपासणी सगळ्यांना माहीत आहे (थॅलियम फक्त नावाला, हल्ली बहुतेकदा टेक्नेशियम असतं) तीही त्याच पट्ट्यात. एमआरआयला रेडिएशन शून्य. त्यामुळे वय कमी असेल तर मी आधी एमआरआयचा विचार करा म्हणतो, आणि किडनी कमजोर असेल तर डाय दोनदा द्यायच्या आधी क्रिएटिनिन बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

उंबरठा

बरं. तीनातली दोन निरुपद्रवी हे माहीत नव्हतं. पण समजा रक्त खरंच कमी पडतंय असं निघालं, मग तरी स्टेंट टाकायचाच ना?

पिंपळपान

तिथेही गंमत आहे. इस्केमिया नावाचा अभ्यास, २०२० मध्ये आला, ५१७९ पेशंट, सगळ्यांना तपासणीत मध्यम ते तीव्र इस्केमिया (म्हणजे स्नायूला रक्त कमी पडणं), पण तब्येत स्थिर. अर्ध्यांना आधीच अँजिओ आणि जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. साधारण सव्वातीन वर्षांत अटॅक आणि मृत्यू मिळून ठळक फरक पडला नाही. छातीत दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. लक्षात घ्या, मुख्य डाव्या धमनीत मोठं ब्लॉकेज असलेले, हार्ट खूप कमजोर असलेले, नुकताच अटॅक आलेले त्यात नव्हते, त्यांना हा निष्कर्ष लावू नका. माझं मत विचाराल तर परफ्यूजनचा सगळ्यात मोठा उपयोग स्टेंट कुठे टाकायचा ह्यापेक्षा कुठे टाकायचा नाही हे ठरवायला आहे. कार्डिओलॉजिस्ट मित्र ह्यावर माझ्याशी भांडतात, भांडोत.

केशर_काडी

माझा प्रश्न उलटा आहे. मला तीन वर्षं छातीत दुखतं, चालताना, चढताना, अगदी खोडरबर ह्यांनी लिहिलंय तसंच. अँजिओ केली, धमन्या आरशासारख्या साफ. मग मला सांगण्यात आलं की टेन्शन घेऊ नका, योगा करा. एक डॉक्टर तर नवऱ्याकडे बघून बोलत होते, दुखतंय मला. हे परफ्यूजन माझ्यासारखीला काही सांगेल का?

पिंपळपान

@केशर_काडी सांगू शकतं, आणि तुमचं दुखणं "मनाचं" असं परस्पर ठरवणं चूकच होतं. मोठ्या धमन्या साफ असूनही बारीक वाहिन्या नीट फुगत नसल्या तर स्नायू उपाशी राहतो, ह्याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात आणि हा बायकांत जास्त दिसतो. अँजिओग्राफीत त्या वाहिन्या दिसतच नाहीत, इतक्या बारीक असतात.

फक्त इथे स्टॅटिक चालणार नाही. का, तर त्यात काळं-उजळ हे शेजाऱ्याशी तुलना करून ठरतं, आणि सगळाच स्नायू सारखा थोडा उपाशी असेल तर सगळंच एकसारखं दिसेल, नॉर्मल म्हणून रिपोर्ट जाईल. तिन्ही मोठ्या धमन्यांत सारखं ब्लॉकेज असेल तरी हीच फसगत. आकडा देणारी पद्धत हवी, म्हणजे डायनॅमिक सीटी, किंवा पेट, किंवा एमआरआय. विश्रांतीचा आकडा आणि स्ट्रेसचा आकडा, किती पट वाढला ते बघतात. तुमच्या कार्डिओलॉजिस्टना नेमका हाच शब्द सांगा, मायक्रोव्हॅस्क्युलर, आणि "राखीव प्रवाह मोजता येईल का" असं विचारा.

केशर_काडी

लिहून घेतलं. खरंच धन्यवाद. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाहिन्यांबद्दल बोललं, स्वभावाबद्दल नाही.

ढगफुटी

मला दमा आहे. ॲडिनोसिन चालेल का? वरचं छातीवर उशी वगैरे वाचून पाय लटपटले.

निशाचर

दमा असेल तर आधी सांगा, फॉर्मवर लिहा, तोंडीही सांगा, सुई लावणाऱ्यालाही परत सांगा. ॲडिनोसिनने श्वासनळ्या आवळू शकतात म्हणून दम्यात टाळतात. हार्टच्या वायरिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या डिग्रीचा ब्लॉक असेल आणि पेसमेकर नसेल तरी नाही. रेगॅडेनोसन म्हणून दुसरं औषध आहे, ०.४ मिलिग्रॅमचा एकच डोस, वजनाचा हिशोब नाही, ते जास्त नेमकं काम करतं, पण दम्यात तेही जपूनच, डॉक्टर ठरवतील. ॲडिनोसिनची एक गोष्ट चांगली, रक्तात त्याचं अर्धं आयुष्य १० सेकंदांहूनही कमी. पंप बंद केला की संपलं. शिवाय उतारा म्हणून अमिनोफायलिन ट्रेमध्ये भरून ठेवलेलं असतं. अकरा वर्षांत मी ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच वापरलेलं पाहिलंय.

आता @खोडरबर तुमच्या त्या दुसऱ्या ओळीकडे येतो. मी रिपोर्ट करत नाही, मी फक्त चित्रं काढतो, पण इन्फिरोबेसल शब्द वाचला की आमचे कान टवकारतात. बेसल म्हणजे झडपांकडचा भाग, इन्फिरिअर म्हणजे खालची भिंत. ती जागा कुठे येते माहितीय का, एका बाजूला डायने ठासून भरलेला डावा कप्पा, मागे डायनेच भरलेली उतरती महाधमनी आणि मणका. दोन जाड गोष्टींच्या मधे अडकलेली जागा. तिथे खोटी सावली पडते.

काळी_पाटी

बीम हार्डनिंग?

पिंपळपान

@काळी_पाटी शाब्बास सर. एक्स-रेच्या झोतात कमी-जास्त ऊर्जेचे किरण मिसळलेले असतात. दाट आयोडीन किंवा हाड मधे आलं की कमी ऊर्जेचे आधी गाळले जातात, उरलेला झोत "कडक" होतो, तो सहज पलीकडे जातो, आणि कॉम्प्युटर समजतो की वाटेत फारसं काही नव्हतं, म्हणून तिथे काळं रंगवतो. दोन दाट गोष्टींच्या मधल्या रेषेत काळा पट्टा. प्रत्यक्षात स्नायू धडधाकट. डाय जेवढी दाट तेवढं हे जास्त. ड्युअल एनर्जी मशीन किंवा खास सॉफ्टवेअर करेक्शन असेल तर बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही.

खरं-खोटं ओळखायला मी काय बघतो ते सांगतो. चार-पाच मिलिमीटरचे जाड काप करतो आणि विंडो (स्क्रीनवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती युनिट दाखवायचे तो पट्टा) अरुंद ठेवतो, २००-३०० च्या रुंदीची, म्हणजे थोडा फरकही डोळ्यात भरतो. मग हृदयाच्या ठोक्याची वेगवेगळी टप्प्यांतली चित्रं फिरवून बघतो. खरा डिफेक्ट सिस्टोलमध्येही (हार्ट आकसताना) असतो, डायस्टोलमध्येही (सैल पडताना) असतो. खोटा टप्प्यागणिक आकार बदलतो, कधी गायबही होतो, कारण भिंत हलते पण मणका हलत नाही. खरा आतल्या थराला धरून असतो, खोटा बऱ्याचदा त्रिकोणी, भिंतीच्या आरपार, आणि कधी तर भिंतीच्या बाहेरपर्यंत ओघळलेला. खरा कुठल्यातरी धमनीच्या हद्दीत बसतो. खालची भिंत बहुतेकांत उजव्या कोरोनरीची, आणि तुमची उजवी साफ आहे म्हणता.

आणि जुना अटॅक असेल तर मेलेला स्नायू पातळ होतो, नीट आकुंचन पावत नाही. तुमचा इको नॉर्मल. हालचालही व्यवस्थित, जाडीही व्यवस्थित असेल तर तिथे जुना इन्फार्क्ट मानायला मन धजत नाही. हे सगळं "असेल तर" आहे. सोमवारी डॉक्टरांना एवढंच विचारा की त्या भागाची जाडी आणि हालचाल सीटीवर कशी आहे, आणि पट्टा सगळ्या टप्प्यांत टिकतो का. आणि सीडी घेऊन जा. नुसता कागद नको.

बाकी रिपोर्ट लिहिणाऱ्यावर चिडू नका. रात्री अकराला चाळिसावा स्कॅन बघताना मीही एकदा हाच पट्टा इन्फार्क्ट म्हणून टाइप केला होता. पाठवायच्या आधी टेक्निशियनने खांद्यावरून वाकून विचारलं, सर फेज बदलून पाहिली का. पाहिली नव्हती. बदलली तर पट्टा गेला.

निशाचर

टेक्निशियनचा विजय असो 😄

उंबरठा

हे मात्र मान्य, इतक्या बारकाव्याने कुणी सांगत नाही. खोडरबर, झोपा आता.

खोडरबर

मंडळी, सोमवारची बातमी.

सीडी नेली. डॉक्टरांनी रेडिओलॉजीच्या सिनियर मॅडमना बोलावलं आणि दोघांनी माझ्यासमोरच चित्रं उघडली. मॅडमनी हार्ट गोल कापून दाखवलं, जाड करकरीत कड्यासारखं, मधे पांढरंफेक रक्त. खालच्या बाजूला तो पट्टा मलाही दिसला, राखाडी, पाचरीसारखा, मणक्याकडे तोंड करून. मग त्यांनी माउसचं चाक फिरवलं. हार्ट आकसलं, पट्टा सरकला, बारीक झाला, अजून दोन टिचक्या आणि नाहीसा. परत उलटं फिरवलं तर परत आला. त्या म्हणाल्या हे हाडाचं आणि डायचं भांडण आहे, तुमच्या हार्टचा संबंध नाही. त्या जागेची जाडी बाकीच्या भिंतीएवढीच निघाली, आकुंचनही तसंच. रिपोर्टची ती ओळ बदलून दिली.

एलएडीच्या हद्दीत मात्र पाच मिनिटं घालवली, पुढची भिंत, पडदा, टोक, स्ट्रेसचं एका बाजूला रेस्टचं दुसऱ्या बाजूला लावून. काळं कुठेच नाही. सध्या स्टेंट नाही, नळी घालून अँजिओ नाही. स्टॅटिन वाढवलं, ॲस्पिरिन चालू, बीपीची गोळी बदलली, एक गोळी छातीसाठी. जिना चढताना परत झालं किंवा बसल्या जागी झालं तर लगेच यायचं, तेव्हा हा रिपोर्ट दाखवत बसायचं नाही, असं दोनदा बजावलं. मी विचारलं मग मला आवळल्यासारखं होत होतं ते काय, तर म्हणाले ते अजून उघडं आहे, औषधावर काय होतं बघू, राहिलं तर बारीक वाहिन्यांचाही विचार करू. केशर_काडी, तुमची आठवण आली.

केशर_काडी

वा! मनापासून बरं वाटलं. माझी पेट स्कॅनची तारीख मिळाली आहे, झाल्यावर वेगळा धागा काढते.

पिंपळपान

"हाडाचं आणि डायचं भांडण" हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार. बजावलेलं लक्षात ठेवा, परफ्यूजन आज चांगलं आहे म्हणजे प्लाक (धमनीतला चरबीचा थर) गेला असं नाही. स्टॅटिन सोडू नका.

रानभूल

वरचे सगळे प्रतिसाद वाचायला वेळ नाही झाला, सॉरी, पण वडिलांचं उद्या सकाळी नऊला हेच सीटी परफ्यूजन आहे. त्यांना सकाळी एक कप चहा दिला तर चालेल ना?

निशाचर

नाही!! आज प्यायले असतील तर तेही आत्ताच सेंटरला फोन करून सांगा. आणि माझा पहिला प्रतिसाद वाचा.